पुण्यातून चालवलेली टीम: ब्लॅकबर्न रोव्हर्सचा २०११-१२ सीझन, एक प्रकरण अभ्यास

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधून दरवर्षी तीन टीम रेलिगेट होतात, म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये जातात, मग हीच का, असं कोणी विचारेल. तर कारण असं की या प्रकरणातला अर्धा भाग इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये घडला आणि अर्धा आपल्या सिंहगड रोडवर, कारण क्लबचे मालक होते पुण्याचे पोल्ट्रीवाले वेंकीज. आणि दुसरं म्हणजे पुण्यात अजूनही लोक हा विषय निघाला की हसतात, मैदानात कोंबडी सोडली होती ना, एवढंच आठवतं सगळ्यांना, पण ती कोंबडी शेवटची गोष्ट आहे, त्याआधी दीड वर्षात चार-पाच वेळा असा क्षण आला होता की तिथे वेगळं काही केलं असतं तर गाडी रुळावर राहिली असती. मला त्या क्षणांबद्दल लिहायचंय.

मॅनेजर आणि प्लेयर यांची नावं जगजाहीर आहेत म्हणून घेतोय. पडद्यामागच्या माणसांचा फक्त हुद्दा सांगतो, प्रकरण कळायला तेवढा पुरतो.

पार्श्वभूमी

ब्लॅकबर्न म्हणजे मँचेस्टरच्या वर, कापड गिरण्यांचं जुनं गाव. लोकसंख्या लाखभराच्या थोडी वर. शेजारच्या डार्वेनला १९३१ मध्ये गांधीजी गिरणी कामगारांना भेटायला गेले होते, विदेशी कापडाच्या बहिष्कारामुळे तिथले लोक बेकार झाले होते म्हणून, तर तो हाच पट्टा. पुढे गुजरात आणि पाकिस्तानातून बरीच कुटुंबं तिथे जाऊन राहिली, त्यामुळे भारतीय मालक आले याचं त्या गावाला अप्रूप किंवा धक्का असं काही फार नव्हतं, हे आधी लक्षात घ्या, कारण नंतर जो राग आला तो रंगावरून आला असं आपल्याकडे काही जण सरसकट म्हणतात आणि ते मला पटत नाही.

क्लब १८७५ चा, १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या बारा क्लबांपैकी एक. मग बरीच वर्षं खालच्या डिव्हिजनमध्ये. १९९१ मध्ये जॅक वॉकर नावाच्या गावातल्याच स्टील उद्योगपतीने क्लब हातात घेतला, केनी डॅल्ग्लिशला मॅनेजर आणलं, ॲलन शिअररला घेतलं आणि १९९४-९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकली. शेवटच्या दिवशी लिव्हरपूलमध्ये स्वतः हरले, पण तिकडे मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमने बरोबरीत रोखलं म्हणून कप यांच्याकडे आला. एवढ्या छोट्या गावाने लीग जिंकणं म्हणजे काय ते समजून घ्या.

२००० मध्ये वॉकर गेले. क्लब त्यांच्या ट्रस्टकडे आला आणि ट्रस्टला हळूहळू पैसे घालण्यात रस राहिला नाही, गिऱ्हाईक शोधणं सुरू झालं. पण तोपर्यंत क्लब चालवणारी माणसं एकदम तयार होती. चेअरमन, मॅनेजिंग डायरेक्टर, फायनान्स बघणारे, सगळे वर्षानुवर्षं तिथलेच. कमी पैशात प्लेयर घ्यायचा, चार वर्षं खेळवायचा, चांगल्या भावात विकायचा, मधल्या काळात टीम वरच्या डिव्हिजनमध्ये ठेवायची. २००९-१० मध्ये सॅम अलार्डाइसच्या हाताखाली दहावा नंबर आला. बघायला कंटाळवाणं फुटबॉल, लांब बॉल मारा, थ्रो-इन घ्या, डोक्याने बॉल मारा. पण दहावा नंबर.

१९ नोव्हेंबर २०१० ला वेंकीजने क्लब विकत घेतला. किंमत २.३ कोटी पौंड, तेव्हाच्या भावाने साधारण १६५ कोटी रुपये, वर क्लबचं कर्ज. पुण्याचा वेंकटेश्वरा हॅचरीज ग्रुप, डॉ. बी. व्ही. राव यांनी उभा केलेला. अंडी खा अंडी खा सांगणारी टीव्हीवरची जुनी जाहिरात आठवते ना, ती ज्या अंड्यांच्या संघटनेची, ती पण रावांनीच उभी केलेली. म्हणजे हे कुटुंब काही उपरे सट्टेबाज नव्हते. धंदा शून्यातून वाढवलेला, शेतकऱ्याशी व्यवहार करणारी माणसं. क्लब घेताना पुढे होते ते रावांची मुलगी, ग्रुपच्या अध्यक्षा, आणि त्यांचे दोन भाऊ.

त्यावेळी माझ्या ऑफिसात जे दोनचार जण फुटबॉल बघायचे ते सगळे अचानक ब्लॅकबर्नचे फॅन झाले होते. मी पण. आपल्या पुण्याची टीम प्रीमियर लीगमध्ये, मजा होती.

अडचण नक्की काय होती

अडचण पैशाची नव्हती आणि नियत वाईट होती असंही मला वाटत नाही. अडचण ही की मालक पुण्यात, क्लब ब्लॅकबर्नला, आणि फुटबॉलचा धंदा मालकांना नवा. असं असताना दोन गोष्टी सांभाळायला लागतात. एक, तिथे बसलेली जुनी माणसं टिकवायची. दोन, बातमी एकाच माणसाच्या तोंडून ऐकायची नाही. इथे पहिल्या काही महिन्यांतच दोन्ही सुटलं.

क्लब विकत घेताना मालकांना सल्ला देणारी एक स्पोर्ट्स एजन्सी होती आणि तिच्यासोबत एक अनुभवी एजंट. व्यवहार झाल्यावरही हे सल्लागार राहिलेच, प्लेयर कोण घ्यायचे यात त्यांचा शब्द चालायला लागला. कोणी काही नियम मोडला असं मी म्हणत नाहीये. पण घर विकत घेऊन देणारा दलालच पुढे घरात काय फर्निचर ठेवायचं ते ठरवायला लागला तर जे होतं, ते झालं.

पहिला निर्णय: अलार्डाइसला काढणं, १३ डिसेंबर २०१०

व्यवहार होऊन महिना पण झाला नव्हता. मधे ओल्ड ट्रॅफर्डला, म्हणजे मँचेस्टर युनायटेडच्या मैदानात, ७-१ असा मार खाल्ला होता, बर्बाटोव्हने एकट्याने पाच गोल केले, आणि बोल्टनला २-१ हरले होते. तरी टीम तेराव्या नंबरवर, १७ मॅचमध्ये २१ पॉइंट. या आकड्यांवर कोणी मॅनेजर काढत नाही.

पर्याय तीन होते. सीझन संपेपर्यंत अलार्डाइसला ठेवायचं आणि मे महिन्यात बघायचं. किंवा काढायचंच असेल तर आधी नवीन मोठा मॅनेजर ठरवून मग काढायचं. किंवा काढायचं आणि आतल्याच कोणाला तरी बसवायचं. तिसरा घेतला गेला. फर्स्ट टीम कोच स्टीव्ह कीनला आधी तात्पुरतं, मग सीझनपुरतं, मग थेट काही वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट. कीनला एवढ्या वरच्या लेव्हलवर मुख्य मॅनेजर म्हणून काम केल्याचा अनुभव नव्हता. आणि तो त्याच सल्लागार एजंटचा क्लायंट होता. इथे कोणी काळंबेरं केलं की नाही हा प्रश्न जरा बाजूला ठेवू, पण बाहेरून बघणाऱ्याला ते दिसणारच होतं आणि त्या दिवसापासून फॅनचा विश्वास जो उडाला तो परत आलाच नाही.

मालकांचं म्हणणं होतं की आम्हाला बघायला चांगलं फुटबॉल पाहिजे, वरचे नंबर पाहिजेत. ठीक आहे, कोणत्याही मालकाला वाटेल. त्याच दिवसांत रोनाल्डिन्यो येणार, बेकहॅम येणार अशी नावं पेपरात फिरत होती. रोनाल्डिन्यो जानेवारीत ब्राझीलला फ्लेमेंगोकडे गेला. इकडे आले ते लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबकडून काही काळ उसने, रोके सांताक्रुझ आणि जर्मेन जोन्स, आणि दोन तरुण पोरं, रुबेन रोचिना आणि माउरो फोर्मिका. नावं वाईट नाहीत, पण रोनाल्डिन्यो ऐकल्यावर रोचिना म्हणजे आमरस सांगून ताक वाढल्यासारखं.

आणि आतली गोष्ट बाहेरच्या गोष्टीपेक्षा मोठी होती. अलार्डाइसला काढताना चेअरमनला नीट विचारलंच नव्हतं. फेब्रुवारी २०११ मध्ये चेअरमन गेले. मग मॅनेजिंग डायरेक्टर पण गेले. क्लब कसा चालतो हे ज्यांना झोपेत सुद्धा माहीत होतं ती माणसं काही महिन्यांत निघून गेली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महाग निर्णय अलार्डाइसचा नाही, हा आहे. मॅनेजर परत मिळतो. "साहेब, हे करू नका" असं फोनवर सांगू शकणारा माणूस परत मिळत नाही.

त्या सीझनला वाचले. शेवटच्या दिवशी वोल्व्ह्जच्या घरी ३-२ जिंकून १५ वा नंबर, ४३ पॉइंट. आणि तिथेच मोठा घोटाळा झाला, वाचल्यामुळे. कारण वाचलो म्हणजे बरोबर होतो, असा अर्थ लावता येतो.

दुसरा निर्णय: उन्हाळ्यातली खरेदी-विक्री

हा भाग लोक विसरतात. सगळं कीन, कीन करतात, पण आकडे बघा.

२०११-१२ मध्ये ब्लॅकबर्नने ३८ मॅचमध्ये ४८ गोल मारले. दहाव्या नंबरवर आलेल्या वेस्ट ब्रॉमने ४५ मारले. अकराव्या स्वान्सीने ४४. स्टोक ३६ गोलमध्ये चौदावी आली. म्हणजे गोल मारण्यात ही मधल्या नंबरची टीम होती, एकट्या स्ट्रायकर याकुबूने लीगमध्ये १७ मारले. खाल्ले किती, तर ७८. आधीच्या वर्षी ५९ खाल्ले होते. पहिल्या २७ मॅचमध्ये एकही मॅच अशी नाही की समोरच्याने गोल केला नाही, पहिली क्लीन शीट आली थेट मार्चमध्ये, २८ व्या मॅचला, आणि अख्ख्या सीझनमध्ये तीनच. तीन!

आता मागे, म्हणजे डिफेन्समध्ये, कोण होतं ते बघू. आधीच्या वर्षी मागे फिल जोन्स, ख्रिस सांबा, रायन नेल्सन. जोन्सला जून २०११ मध्ये मँचेस्टर युनायटेडने नेलं, दीड कोटी पौंडाच्या वर. ते थांबवणं अवघड होतं हे मान्य, एकोणीस वर्षांच्या पोराला युनायटेडचा मॅनेजर फर्ग्युसनने बोलावल्यावर कोण थांबतो. नेल्सन दुखापतीत. आले कोण, तर बर्मिंगहॅमचा स्कॉट डॅन, चांगला डिफेंडर, पण ट्रान्सफर विंडो, म्हणजे प्लेयर घ्यायची-विकायची मुदत, बंद होतानाच्या शेवटच्या दिवशी. पुढे गोल मारायला याकुबू आला, तो पण तेव्हाच. बाकी गुडविली, पेट्रोविच, वुकचेविच अशी वेगवेगळ्या देशातून गोळा केलेली मंडळी. वर त्याच एजंटचा मुलगा डिफेंडर म्हणून साइन झाला आणि मेन टीमसाठी एकही मॅच न खेळता गेला. रक्कम किरकोळ असेल, पण ड्रेसिंग रूममध्ये आणि स्टँडमध्ये त्याचा अर्थ काय लागला असेल?

पोल्ट्रीवाल्यांना एक गोष्ट माझ्यापेक्षा शंभर पटीने जास्त कळते, ती म्हणजे शेडमध्ये पिल्लं टाकायच्या आधी शेड तयार पाहिजे. इथे ऑगस्टच्या ३१ तारखेला पिल्लं आली आणि सीझन १३ ऑगस्टला सुरू झालेला. तोपर्यंत पहिल्या तिन्ही मॅच हरून बसले होते, वोल्व्ह्ज, ॲस्टन व्हिला आणि एव्हर्टन. एव्हर्टनविरुद्ध तर दोन पेनल्टी घालवल्या.

पुण्याची ट्रिप

१ ऑक्टोबरला मँचेस्टर सिटीकडून घरच्या मैदानात ०-४. त्यानंतर इंटरनॅशनल मॅचेससाठी लीग बंद होती, तेव्हा टीमला पुण्याला आणलं. ७ ऑक्टोबरला बालेवाडीला पुणे एफसीसोबत फ्रेंडली झाली, ब्लॅकबर्न जिंकले. त्याच काळात ती चिकनची जाहिरात पण आली, ड्रेसिंग रूममध्ये प्लेयर बसून चिकन खाताहेत आणि मग मॅचला निघाले. भारतात बघताना गंमत वाटली असेल. तिकडे तळाला असलेल्या टीमच्या फॅनने ती बघितली की त्याच्या डोक्यात काय जात असेल याचा विचार कोणीतरी करायला पाहिजे होता. पण तोपर्यंत तो विचार करणारी माणसं क्लबात उरलीच नव्हती ना.

जाहिरात चुकीची नाही, मालकाचा ब्रँड आहे, पैसे घातलेत, करणारच. वेळ चुकली.

तिसरा निर्णय: डिसेंबर २०११, आणि एक पत्र

हा खरा कळीचा क्षण.

२० डिसेंबरला बोल्टनविरुद्ध घरची मॅच. दोन्ही टीम तळाला. १-२ हरले. १७ मॅच, १० पॉइंट, शेवटचा नंबर. अख्खी ९० मिनिटं स्टेडियम मॅनेजरविरुद्ध ओरडत होतं. त्याआधी मैदानावरून "कीन आउट" असं फलक लावलेलं विमान उडवून झालं होतं, मोर्चे झाले होते. माणूस म्हणून कीनचं मला वाईट वाटतं, त्या रात्री त्याला जे ऐकावं लागलं ते कोणालाच ऐकावं लागू नये, आणि तो प्रत्येक वेळी शांतपणे येऊन टीव्हीसमोर उभा राहायचा. पण नोव्हेंबरमध्ये त्याचं कॉन्ट्रॅक्ट उलट वाढवलं होतं. तळाच्या टीमच्या मॅनेजरचं.

त्याच सुमारास क्लबच्या डेप्युटी चीफ एक्झिक्युटिव्हने पुण्याला अध्यक्षांना एक पत्र लिहिलं. ते नंतर फुटलं म्हणून जगाला कळलं. त्यात सरळ होतं की मॅनेजर बदला, फॅन आणि प्रायोजक हातातून चाललेत, बँकेकडून पैशाचं दडपण आहे, आणि क्लबातल्या लोकांना निर्णयात घ्या. म्हणजे "साहेब, हे करू नका" म्हणणारा एक माणूस अजून शिल्लक होता आणि त्याने ते लेखी दिलं होतं.

मालकांपुढे पर्याय काय होते?

कीनला ठेवायचं. कारण सारखे मॅनेजर बदलणं पण वाईट, आणि त्या आठवड्यात हाताशी चांगला पर्याय कोण होता हेही बघावं लागतं.

कीनला काढून एखादा मुरलेला मॅनेजर पाच महिन्यांसाठी आणायचा. खर्च, पण प्रीमियर लीगमध्ये राहण्याची किंमत त्यापेक्षा कितीतरी जास्त, त्या काळी तळाच्या टीमला सुद्धा टीव्हीचे वगैरे मिळून जवळपास ४ कोटी पौंड मिळायचे.

किंवा मधला रस्ता, कीनला ठेवून त्याच्यावर एक अनुभवी फुटबॉल डायरेक्टर बसवायचा, आणि कुटुंबातलं कोणीतरी जूनपर्यंत तिथेच राहायला जायचं.

झालं काय, तर पहिला पर्याय, आणि तोही बाकी काहीच न बदलता. पत्रावर दिसेल अशी हालचाल झाली नाही.

आणि मग नशिबाने थट्टा केली. २६ डिसेंबरला लिव्हरपूलला १-१. आणि ३१ डिसेंबरला ओल्ड ट्रॅफर्डवर ३-२ जिंकले! फर्ग्युसनचा सत्तरावा वाढदिवस, याकुबूचे दोन आणि कोवळ्या ग्रँट हॅनलीचा शेवटी शेवटी तिसरा. मी ती मॅच बघितलीय, सोफ्यावरून उठून ओरडलो होतो. आज विचार केला तर वाटतं त्या विजयाने क्लबचं नुकसानच केलं. पुण्यात बसलेल्याला त्या रात्री काय वाटेल? बघा, आम्ही म्हणत होतो ना.

त्याच सीझनमध्ये तळाशी झगडणारे बाकीचे चार क्लब

इथे जरा थांबून शेजारी बघायला पाहिजे, कारण "कीनला काढलं असतं तर वाचले असते" हे जे सगळे छातीठोक सांगतात ते इतकं सोपं नाहीये.

वोल्व्ह्जने फेब्रुवारीत मिक मॅकार्थीला काढलं, वेस्ट ब्रॉमकडून १-५ हरल्यावर. पुढे कोण ते ठरवलंच नव्हतं, शेवटी त्याच्याच असिस्टंटला, टेरी कॉनरला बसवलं. १३ मॅचमध्ये एकही विजय नाही, चार बरोबरी, शेवटचा नंबर, २५ पॉइंट. म्हणजे मॅनेजर काढूनही गेले. क्यूपीआरने जानेवारीत नील वॉर्नॉकला काढलं आणि दोन दिवसांत मार्क ह्यूजला आणलं, जो आधी ब्लॅकबर्नचाच मॅनेजर होता, ते ३७ पॉइंटवर कसेबसे वाचले. बोल्टनने ओवेन कॉयलला ठेवलं आणि ३६ पॉइंटवर गेले, एका पॉइंटने. आणि विगन, ते तर बराच काळ तळाला होते, पण मालक डेव्ह व्हीलन रॉबर्टो मार्टिनेझच्या मागे उभा राहिला, आणि शेवटच्या नऊ मॅचमध्ये सात जिंकले, त्यात मँचेस्टर युनायटेड, आर्सेनल, लिव्हरपूल, न्यूकॅसल.

म्हणजे ठेवून एक वाचला एक गेला, काढून एक वाचला एक गेला. मग फरक कशाने पडला? मला असं दिसतं की विगनचा मालक विगनचाच, गावातला माणूस, मॅनेजरला ठेवला तेव्हा का ठेवतोय हे त्याने उघड सांगितलं आणि गावाने ऐकलं. क्यूपीआरने काढलं तेव्हा पुढचा तयार होता. वोल्व्ह्जने रागात काढलं. ब्लॅकबर्नने ठेवलं ते विश्वास होता म्हणून की निर्णय घ्यायलाच कोणी जागेवर नव्हतं म्हणून, हे बाहेर कोणालाच कळलं नाही, आणि ड्रेसिंग रूमला तरी कळलं असेल का शंकाच आहे.

चौथा निर्णय: जानेवारीची विंडो

मागे भगदाड पडलंय हे आकडे ओरडून सांगत होते. जानेवारीत काय केलं? नेल्सनला मोकळं केलं, तो टॉटनहॅमला गेला. सांबाने मला जाऊ द्या म्हणून सांगितलं, विंडोमध्ये त्याला सोडलं नाही, मग फेब्रुवारीत रशियाच्या अंझीला विकलं, कारण तिकडची विंडो उघडी होती. यात सगळ्यात वाईट दोन्हीकडून झालं, प्लेयरचं मन गेलेलं आणि बदली घ्यायची वेळ पण गेलेली. आधीच जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात विकला असता तर त्या पैशात एक सेंटर हाफ आणता आला असता. ४ फेब्रुवारीला आर्सेनलने ७-१ ने धुतलं.

स्ट्रायकर जेसन रॉबर्ट्सला पण जानेवारीत रीडिंगला जाऊ दिलं. रीडिंग त्याच सीझनला खालचं डिव्हिजन जिंकून वर आले, म्हणजे ब्लॅकबर्न खाली उतरताना त्यांचाच माणूस जिन्यावर वर जाताना भेटला.

शेवट कसा झाला

तरी २० मार्चला संडरलँडला २-० हरवल्यावर २९ मॅचमध्ये २८ पॉइंट होते. नवव्यांदा सांगतो, टीम एवढी वाईट नव्हती. उरलेल्या ९ मॅचमध्ये तीन जिंकले असते तर ३७, क्यूपीआरएवढे. जिंकले एक, नॉर्विचविरुद्ध. बाकी आठही हरले. टॉटनहॅमला गेले तर अख्ख्या मॅचमध्ये गोलच्या दिशेने एक शॉट नाही.

७ मे २०१२, ब्लॅकबर्नचं घरचं मैदान ईवूड पार्क, विगन समोर, धो धो पाऊस. मॅच चालू असताना कोणीतरी क्लबच्या रंगाचं कापड गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली. ८७ व्या मिनिटाला कॉर्नर आला, विगनच्या अल्काराझने हेडर मारला, ०-१, अकरा वर्षांनी ब्लॅकबर्न खाली. ३१ पॉइंट, १९ वा नंबर.

आणि लगेच कोणाला काढलं? मॅनेजरला नाही. पत्र लिहिणाऱ्या त्या डेप्युटीला.

पुढे काय

कीन सप्टेंबर २०१२ च्या शेवटी गेला, तेव्हा टीम खालच्या डिव्हिजनमध्ये वरच्या दोनचार नंबरांत होती. म्हणजे डिसेंबरमध्ये काढायचं तेव्हा ठेवलं आणि टीम वर होती तेव्हा सोडलं. मग हेनिंग बर्ग ५७ दिवस. मग मायकल ॲपलटन ६७ दिवस. बर्गच्या नुकसानभरपाईचा वाद कोर्टात गेला आणि त्याला २२.५ लाख पौंड द्यायचा आदेश झाला, ५७ दिवसांच्या कामाचे, हिशोब तुम्हीच करा. खाली गेलेल्या टीमला त्या काळी चार वर्षांत मिळून ४.८ कोटी पौंड मिळायचे, उतरताना हाड मोडू नये म्हणून. ते असे गेले, थोडं स्ट्रायकर जॉर्डन ऱ्होड्सवर, तो पैसा वसूल झाला, बाकीचं बऱ्यापैकी माणसं आणण्यात आणि हाकलण्यात.

२०१७ मध्ये गोल डिफरन्सवर अजून एक डिव्हिजन खाली, तिसऱ्या. पुढच्याच वर्षी टोनी मोब्रेने परत वर आणलं. तेव्हापासून दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, प्रीमियर लीग काही परत दिसली नाही. मालकांनी इतक्या वर्षांत घातलेला पैसा किती तरी शेकडो कोटी रुपयांत आहे, आणि हे पण सांगायलाच पाहिजे, पोर्ट्समथ किंवा बरी या क्लबांसारखं या क्लबला दिवाळखोरीत जाऊ दिलं नाही. टोमणे खात दरवर्षी तोटा भरत राहिले. हे सोपं नसतं.

मी असतो तर काय वेगळं केलं असतं

चेअरमन आणि मॅनेजिंग डायरेक्टरला दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट देऊन बांधून घेतलं असतं, क्लबच्या व्यवहारातच ती अट घातली असती. नवीन शेत घेतलं तर जुना गडी निदान एक पावसाळा ठेवतोच की आपण, पाणी कुठे तुंबतं ते त्यालाच माहीत असतं.

अलार्डाइसला मे पर्यंत ठेवलं असतं. आवडत नसेल तरी.

सल्लागाराचं काम सहीच्या दिवशी संपवलं असतं, हिशोब चुकता करून, चहा पाजून.

डिसेंबरच्या पत्राबाबत मात्र मला खात्री नाही की मी वेगळा वागलो असतो. सोपं आहे आज म्हणणं. तुम्ही साडेसात हजार किलोमीटर लांब बसलात, रोज एक जण फोनवर सांगतोय सगळं ठीक होईल, आणि एक जण कागदावर सांगतोय सगळं बुडतंय, आणि दहा दिवसांत टीम ओल्ड ट्रॅफर्डवर जिंकते. कोणावर विश्वास ठेवाल? म्हणूनच मला वाटतं खरा उपाय डिसेंबरमध्ये नव्हताच. कुटुंबातलं एक माणूस पहिल्या दिवसापासून ब्लॅकबर्नला भाड्याने घर घेऊन राहिलं असतं, शनिवारी स्टँडमध्ये बसलं असतं, शिव्या स्वतःच्या कानांनी ऐकल्या असत्या, तर ते पत्र लिहायची वेळच आली नसती.

आणि विगनचं एवढं कौतुक केलं तर हेही नोंदवून ठेवतो, मे २०१३ मध्ये त्यांनी एफए कप जिंकला आणि तीनच दिवसांनी ते पण रेलिगेट झाले.